बोटीच्या इंजिनाचा पट्टा अकालीं कां झिजतो?

ऊंस, कलमें, खत आणि पाणी यांच्या चर्चेला वाहिलेल्या मासिकांत बोटीच्या इंजिनाचें प्रकरण कशासाठीं, अशी शंका घाटावरील वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु कोंकणांतील खातेदारांची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्याच्या नांवावर सातबाऱ्यांत दोनचारशें हापुसाचीं कलमें आहेत त्याचाच हर्णै, दाभोळ, जयगड किंवा मालवण येथील एखाद्या बोटींत चार आण्यांचा नाहींतर आठ आण्यांचा वांटा असतो. मोहोर गळाला त्या वर्षीं बोट घर चालविते आणि मासळी रुसली त्या वर्षीं कलमें घर चालवितात. शेतीचा हिशेब आणि बोटीचा हिशेब एकाच चोपडींत लिहिणाऱ्या या वर्गासाठीं हा लेख प्रथमतः लिहिला आहे. घाटावरील बंधूंनींहि तो वगळूं नये. कारण ज्या पट्ट्याविषयीं आम्ही लिहीत आहों तोच पट्टा, त्याच जातीचा आणि त्याच खोडींचा, त्यांच्या ट्रॅक्टराच्या पुढच्या झांकणाखालीं फिरत असतो. फरक इतकाच कीं, ट्रॅक्टराचा पट्टा तुटला तर माणूस बांधावर जाऊन बसतो. बोटीचा पट्टा तुटला तर बसावयास बांध नसतो.

इंजिनाच्या पुढील तोंडास एक मोठी पुली असते. ती इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसविलेली असून तिच्यावरून निघालेला रबराचा पट्टा पुष्कळ इंजिनांत दोन कामें करितो. एक, इंजिन थंड ठेवणारें पाणी आंतल्या आंत फिरविणारा पंप तो चालवितो. आणि दुसरें, बॅटरी भरणारा आल्टरनेटर तो फिरवितो. पूर्वीं या आल्टरनेटराच्या जागीं डायनॅमो असे. १९६० च्या सुमारास मोटारगाड्यांतून डायनॅमो जाऊं लागला व आल्टरनेटर आला, आणि पुढें बोटींतहि तोच रूढ झाला. आल्टरनेटराची पुली लहान असते व ती इंजिनाच्या दुप्पट ते तिप्पट वेगानें फिरते. लहान पुलीवर पट्ट्याला वांक फार घ्यावा लागतो आणि पकडीस जागा थोडी मिळते. पट्ट्याचे बहुतेक रोग या लहान पुलीपाशींच सुरू होतात, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

ज्यांनीं गुऱ्हाळावर किंवा पिठाच्या गिरणीवर जुनें ऑइल इंजिन पाहिलें आहे त्यांस कॅनव्हासचा चपटा पट्टा आठवत असेल. तो घसरूं लागला कीं त्यावर राळेची पूड टाकीत आणि पट्टा पुन्हां धरूं लागे. हल्लींचा पट्टा चपटा नसून त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद व खालीं निमुळता असतो. अमेरिकेंत डेन्व्हर येथें जॉन गेट्स यांनीं १९१७ सालीं रबर आणि सूत यांचा असा पट्टा तयार केला व तेथून तो जगभर गेला. हा पट्टा पुलीच्या तळावर टेकून ओढीत नाहीं. तो खांचेच्या दोन बाजूंच्या भिंतींत पाचरीप्रमाणें रुततो आणि त्या भिंतींच्या जोरावर ओढतो. कुऱ्हाडीच्या दांड्यास ठोकलेली पाचर जशी बाजूंनीं धरते तशीच ही पकड आहे. एवढें एक तत्त्व कळलें म्हणजे पुढील सर्व विवेचन आपोआप कळतें. राळ, मेण किंवा बाजारांत मिळणारे 'पट्टा न घसरण्याचे' फवारे या पट्ट्यास निरुपयोगी आहेत इतकेंच नव्हे, तर ते रबर मऊ करून त्यावर धूळ चिकटवितात.

आमचे एक आप्त बागाईतदार असून एका बोटींत त्यांचा निम्मा वांटा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माघांत बोट परत येत असतां खाडीच्या तोंडाशीं पट्टा तुटला. चार्जिंगचा तांबडा दिवा लागला तो तांडेलानें पाहिला. पण बॅटरी भरलेली आहे, बंदर अर्ध्या तासावर आहे, दिवाबत्तीपुरती वीज पुरेल, असा हिशेब करून त्यानें इंजिन चालूंच ठेवलें. त्याच पट्ट्यावर थंड पाण्याचा पंप आहे ही गोष्ट त्याच्या मनांत आली नाहीं. दहा मिनिटांत वाफ सुटली. भरतीचें पाणी वाळूच्या दांड्यावर फुटत होतें तेथेंच इंजिन बंद करावें लागलें. नांगर धरला म्हणून बोट दांड्यावर गेली नाहीं. मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटीनें दोर टाकून तिला आंत आणलें. माणसें वांचलीं, इंजिनाचें डोकें मात्र तापून वांकलें, आणि त्या दुरुस्तींत आप्तांच्या कलमांचें त्या वर्षाचें उत्पन्न गेलें. पट्ट्याची किंमत चारपांचशें रुपयांची होती.

खरी चिंतेची गोष्ट अशी होती कीं, त्या हंगामांतला तो चवथा पट्टा होता. बंदरावरील मिस्त्री प्रत्येक वेळीं नवा पट्टा घालून तो सतारीच्या तारेसारखा ताणून देई आणि 'हल्लीं मालच हलका येतो' असा निकाल देई. आम्ही चौकशीस गेलों तेव्हां तांडेल म्हणाला, "भाऊसाहेब, कंपनी बदलून पाहिली, दुकान बदलून पाहिलें, आतां काय देवच बदलूं?" आमचा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला, यंत्रशास्त्र आम्ही शाळेंत शिकलों नाहीं. परंतु पंचनामा करावयाचा तो जागेवर, आणि मालाचा दोष ठरविण्यापूर्वीं माल हातांत घेऊन पाहावयाचा, एवढें त्या खात्यानें आम्हांस शिकविलें. तुटलेला पट्टा सुदैवानें फेंकून दिलेला नव्हता.

तुटलेल्या किंवा झिजलेल्या पट्ट्याइतका खरें बोलणारा साक्षीदार दुसरा नाहीं. तो उलटासुलटा करून सूर्यप्रकाशांत पाहावा. दोन्ही बाजू कांचेसारख्या चकचकीत व कडक झाल्या असल्या तर तो घसरत होता, म्हणजे सैल होता किंवा त्यावर ओझें पेलवत नव्हतें. एकच बाजू झिजलेली आणि दुसरी बऱ्या स्थितींत असेल तर पुल्या एका ओळींत नाहींत. आंतल्या अंगास आडव्या भेगा पडल्या असतील तर तो उष्णतेनें किंवा वयानें वाळला आहे. फुगलेला, मऊ, हातास चिकटणारा पट्टा डिझेल किंवा तेल प्यालेला असतो. तळाची बाजू चकाकत असेल तर पट्टा खांचेच्या तळास टेकत होता. म्हणजे पुलीची खांच झिजून रुंद झाली आहे अथवा पट्टाच अरुंद मापाचा आहे. आणि इंजिनाच्या पुढच्या भागावर, आल्टरनेटराच्या खालीं, तव्याच्या काजळीसारखी काळी भुकटी सांचलेली दिसली तर पट्टा अजून तुटला नसला तरी तो चूर्ण होऊन तेथें पडत आहे असें समजावें. ही भुकटी पुसून टाकून समाधान मानणारे लोक फार. ती भुकटी आल्टरनेटराच्या हवेच्या भोंकांत जाते, इंजिनाच्या हवेच्या जाळींत जाते, आणि पट्ट्याबरोबर इतरांचेंहि आयुष्य कमी करिते.

आमच्या आप्तांच्या पट्ट्याची एक बाजू झिजून सुतें उघडीं पडलीं होतीं आणि तळहि चकाकत होता. म्हणजे दोष एक नसून दोन होते. विचारपूस करितां कळलें कीं, मासे शोधण्याचें यंत्र, बिनतारी संदेशाचें यंत्र, ठिकाण दाखविणारें यंत्र आणि जाळ्यावरचे मोठे दिवे अशी एकेक भर पडत गेल्यावर मूळचा आल्टरनेटर पुरेना. म्हणून मालट्रकाचा एक जुना, मोठा आल्टरनेटर आणून बसविला होता. पट्ट्यांचें मरण त्या दिवसापासून सुरू झालें होतें.

येथें थोडा हिशेब करणें जरूर आहे. बारा व्होल्टांच्या बॅटरीस भरतांना सुमारें चवदा व्होल्ट लागतात. आल्टरनेटर १०० अँपिअर देत असेल तर १४०० वॉट वीज झाली. परंतु आल्टरनेटर तापण्यांत व घर्षणांत शेंकडा चाळीस-पंचेचाळीस भाग शक्ति दवडतो. म्हणून इंजिनाकडून त्यास सुमारें २५०० वॉट, म्हणजे जवळजवळ साडेतीन अश्वशक्ति, ओढून घ्यावी लागते. विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप बसविणारा शेतकरी त्यास किती जाडीचा पट्टा लावील, याचा विचार वाचकांनीं करावा. आणि मग बोटींत त्याहून अधिक ओझें एका बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर, तेंहि मुठीएवढ्या पुलीवरून, आपण टाकतों हें पाहावें. सामान्यतः असें धरतात कीं, पाऊण बोटाचा, म्हणजे ३/८ इंच (१० मिलिमीटर) रुंदीचा एक पट्टा ७५ ते ८० अँपिअरपर्यंत आणि अर्धा इंच (१३ मिलिमीटर) रुंदीचा पट्टा १०० ते ११० अँपिअरपर्यंत नीट ओढतो. त्यापलीकडे दोन पट्टे जोडीनें लावावे, किंवा अनेक बारीक खांचा असलेला रुंद, चपटा पट्टा व त्याच्या पुल्या बसवाव्या. दोन पट्टे असतील तेथें दोन्ही एकदमच बदलावे. एक जुना व एक नवा ठेवला तर जुना ताणलेला असल्यामुळें सारें ओझें नव्यावर पडतें आणि काटकसर अंगाशीं येते. हे अंक बारा व्होल्टांच्या बोटींसाठीं आहेत; चोवीस व्होल्टांच्या बोटींत तितक्याच अँपिअरला दुप्पट ओझें होतें.

ज्यांनीं लिथियमच्या नव्या बॅटऱ्या घेतल्या आहेत त्यांनीं विशेष जपावें. शिशाची बॅटरी भरत आली कीं वीज घेणें आपण होऊन कमी करिते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत अधाशासारखी घेत राहते आणि आल्टरनेटर व पट्टा दोन्हींस उसंत मिळत नाहीं. आल्टरनेटराचें उत्पन्न मर्यादित ठेवणारें नियामक यंत्र अशा ठिकाणीं अवश्य बसवावें. शिवाय बोटीच्या छपरावर सौर पत्रा बसविला तर दिवसाची पुष्कळशी भर त्यानेंच होते आणि सकाळीं इंजिन सुरू होतांच पट्ट्यावर उतरलेल्या बॅटरीचा बोजा एकदम येत नाहीं.

आतां पुल्यांची ओळ. झिजेच्या कारणांत आमच्या मतें हें पहिलें आहे, आणि मिस्त्रीमंडळी याकडेच सर्वांत कमी पाहतात. तिन्ही पुल्यांच्या खांचा एका रेषेंत असल्या पाहिजेत. बांधाची सरळी पाहण्यास आपण जशी दोरी धरतों तशीच येथें धरावी. लांब, सरळ पोलादी फूटपट्टी मोठ्या पुलीच्या तोंडास चपटी टेकवून तिचें टोंक आल्टरनेटराच्या पुलीपर्यंत न्यावें; फूटपट्टी नसेल तर ताणलेली बारीक सुतळी चालते. मात्र पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसते, म्हणून कडेपासून खांचेच्या मध्यापर्यंतचें अंतर प्रत्येक पुलीवर मोजून वजाबाकी करावी, नाहींतर फसगत होईल. एका फुटाच्या अंतरांत एक सोळांश इंच, म्हणजे सुमारें दीड मिलिमीटर, एवढाच फरक चालतो. रुपयाच्या नाण्याची जाडी साधारण तितकी असते. त्याहून अधिक फरक असेल तर आल्टरनेटर व त्याचें ब्रॅकेट यांमध्यें पोलादी चकत्या घालून किंवा काढून तो मोडावा. पुल्या ओळींत असूनहि एखादी तिरकी, मान वांकडी केल्यासारखी असूं शकते. म्हणून वरून पाहावें आणि बाजूनेंहि पाहावें.

ओळ एकदां साधली म्हणजे कायमची साधली असेंहि नाहीं. आल्टरनेटर ज्या लांब बोल्टाभोंवतीं फिरवून पट्टा ताणतात तो बोल्ट आणि त्याचें भोंक इंजिनाच्या कंपानें झिजतें. भोंक वाटोळें न राहतां अंड्यासारखें होतें. इंजिन बंद असतां सर्व सरळ दिसतें, आणि ओझें येतांच आल्टरनेटर पट्ट्याकडे झुकतो. याची परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून आल्टरनेटर दोन्ही हातांनीं धरून हालवावा. तो किंचितहि हालला तर भोंक भरून घेऊन पुन्हां पाडावें किंवा त्यांत पितळी नळी बसवावी. पट्टा ताणल्यावर सरकणारा बोल्ट सर्वजण आवळतात. खालचा लांब बोल्ट आवळावयाचें पुष्कळजण विसरतात. आमच्या आप्तांच्या बोटीवर ब्रॅकेटाचीं भोंकें अशीच अंडाकृति झालीं होतीं, शिवाय मालट्रकाच्या आल्टरनेटराची पुली तीन मिलिमीटर पुढें येत होती आणि तिची खांच रुंद पट्ट्याची असल्यामुळें बोटीचा पट्टा तिच्या तळास बसत होता. पाचर तळास बसली कीं ती पाचर राहत नाहीं. मिस्त्री जितका ताण देई तितका पट्टा तळावर घासे आणि पाण्याच्या पंपाचें बेअरिंग ओरडूं लागे. योग्य खांचेची पुली, एक चकती आणि दोन पितळी नळ्या एवढ्यावर काम भागलें. पुढच्या हंगामांत एकच पट्टा सबंध चालला.

पट्टा खांचेंत घातल्यावर त्याची पाठ पुलीच्या कडेबरोबर किंवा किंचित वर राहिली पाहिजे, आणि त्याखालीं तळाशीं पोकळी राहिली पाहिजे, हें प्रत्येक पुलीवर पाहावें. खांचेच्या भिंती सपाट हव्यात. जुन्या पुलींत त्या आंत झिजून खोलगट होतात. नखानें तो खोलगा कळतो. अशा पुलींत कितीहि भारी पट्टा घातला तरी तो टिकत नाहीं.

आतां कोंकणचा खास शत्रु, गंज. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झांपांखालीं किंवा ताडपत्रीखालीं ठेवलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत खारी हवा आणि पावसाचें दंव पुलीच्या उघड्या पोलादावर गंजाचा थर चढवितात. पट्टा फिरत असतां खांचेच्या भिंती आपोआप घासल्या जाऊन स्वच्छ राहतात. थांबल्यावर त्या उघड्या पडतात. मग नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मोठ्या उत्साहानें इंजिन सुरू करितात तेव्हां तो गंज कानशीच्या दातांसारखा पट्ट्यावर चालतो. नवा पट्टासुद्धां त्या कानशीवर आठपंधरा दिवसांत अर्धा होतो, आणि मालक दुकानदारास दोष देतो. कित्येकजण हंगामाच्या आरंभीं मुद्दाम नवा पट्टा घालतात आणि पुली तशीच ठेवतात. हें म्हणजे नवें धोतर कांटेरी कुंपणावर वाळत घालण्यासारखें आहे.

याचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. प्रथम इंजिन बंद करून बॅटरीचा ऋण टोंकाचा तार काढून ठेवावा. पट्टा उतरवावा. लांकडाचा एक तुकडा खांचेच्या आकाराचा तासून त्यावर बारीक एमरी कागद गुंडाळावा आणि पुली हातानें फिरवीत भिंती घासाव्या. भिंती गुळगुळीत झाल्या म्हणजे कोरड्या फडक्यानें भुकटी काढून टाकावी. खांचेंत तेल, ग्रीस किंवा रंग लावूं नये. गंजानें खड्डे पडले असतील तर घासून ते जात नाहींत. तेथें पुली बदलणें हेंच स्वस्त पडतें. इंजिन चालूं ठेवून, फिरत्या पुलीला कागद धरणारे धाडसी लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांचीं बोटें शाबूत आहेत हा त्यांचा शहाणपणा नव्हे. बोटीवर लुंगी आणि गमछा हा सर्वांचा पोषाख. त्याचा सोगा पट्ट्यांत गेला तर माणूस ओढला जातो. म्हणून पट्ट्यावर जाळीचें झांकण असावें, आणि मिस्त्रीनें तें काढून बाजूला टाकलें असेल तर तें त्याच दिवशीं परत बसवून घ्यावें.

पावसाळ्यासाठीं बोट वर घेतांनाच पट्टा सैल करावा किंवा काढून घरीं न्यावा. ताणलेला पट्टा दोन महिने एकाच ठिकाणीं वांकून राहिला तर तेथें त्याला कायमची घडी पडते.

ताणाविषयीं फार वाद आहेत. इंजिन तयार करणाऱ्यानें पुस्तिकेंत दिलेलें माप असेल तर तेंच प्रमाण मानावें. पुस्तिका हरवली असेल तर दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानें चांगला दाब द्यावा. पट्टा सुमारें १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका किंवा किंचित कमी, खालीं जावा. दुसरी परीक्षा अशी: इंजिन बंद असतां आल्टरनेटराची पुली हातानें फिरवूं पाहावी. ती पट्ट्यांत घसरून फिरली तर पट्टा सैल आहे. सैल पट्टा घसरतो, तापतो, चकाकतो आणि मग कितीहि आवळला तरी धरीत नाहीं. अति ताणलेला पट्टा स्वतः एकवेळ टिकेल, पण पाण्याच्या पंपाचें आणि आल्टरनेटराचें बेअरिंग खातो. तें बेअरिंग अडकलें कीं पट्टा क्षणांत जळतो. दोहोंत सैल बरा कीं घट्ट बरा, असें आम्हांस पुष्कळजण विचारतात. सैल बरा नाहीं, घट्टहि बरा नाहीं; दहा मिलिमीटर बरा.

नवा पट्टा प्रथम थोडा लांबतो व खांचेंत बसतो. म्हणून तो घातल्यावर पंधरा-वीस मिनिटें इंजिन चालवून, बंद करून, ताण पुन्हां पाहावा. आणि एक दिवसाच्या फेरीनंतर आणखी एकदां पाहावा. हें दुसरें पाहणें बहुधा कोणी करीत नाहीं, आणि नव्या पट्ट्यांचें निम्में आयुष्य तेथेंच जातें असें आमचें निरीक्षण आहे. ताण देतांना पहार किंवा लांकडी दांडा आल्टरनेटराच्या पुढच्या, जाड भागास लावावा. मागील ॲल्युमिनियमचें कवच पातळ असतें, तें फुटतें. पट्टा घालतांना किंवा काढतांना स्क्रू-ड्रायव्हरानें पुलीवरून खेंचून चढवूं नये. बाहेरून कांहीं दिसत नाहीं, पण आंतील दोरे तुटतात, आणि असा पट्टा पुढें खांचेंत उलटा होतो. बोल्ट सैल करावे, आल्टरनेटर आंत ढकलावा, आणि पट्टा हातानें सहज बसेल असें करावें. आणखी एक सूचना: इंजिन चालूं असतां बॅटरीचा तार कधींहि काढूं नये. तसें केल्यानें आल्टरनेटराच्या आंतील नाजूक भाग जळतात.

इंजिन सुरू होतांच पट्ट्याची किंचाळी ऐकूं येणें व दोन मिनिटांत ती थांबणें, ही गोष्ट पुष्कळांस अंगवळणीं पडलेली असते. 'थंडींत ओरडतो, मग गप्प होतो' असें म्हणतात. सुरू करण्यांत खर्च झालेली वीज बॅटरी त्या वेळीं अधाशीपणानें परत घेत असते, आणि तेवढें ओझें पट्ट्यास पेलत नाहीं म्हणून तो घसरत ओरडतो. गप्प होतो तो बॅटरीची भूक शमली म्हणून. रोज सकाळीं दोन मिनिटें घासलेला पट्टा पौषापर्यंत टिकत नाहीं.

उष्णता व तेल यांविषयीं थोडक्यांत. इंजिनघरांत हवा येण्याजाण्याचे मार्ग जाळ्यांनीं व दोरखंडांनीं बुजवूं नयेत. पट्ट्यावर डिझेल किंवा तेल ठिबकत असेल तर प्रथम गळती बंद करावी आणि मग पट्टा बदलावा. उलट क्रम केल्यास दोन पट्टे लागतात. पाण्याच्या पंपाच्या खालच्या भोंकांतून पाणी झिरपत असेल तर तोहि पंप बदलण्याचा इशारा होय.

पट्टा विकत घेतांना नुसती रुंदी पाहूं नये. पिठाच्या गिरणीचा किंवा पंपाचा 'ए' मापाचा पट्टा वरून अर्धा इंचच असतो, म्हणून तो बोटींत घालण्याचा मोह होतो. परंतु तो कापडानें वेढलेला, जाड अंगाचा आणि मोठ्या पुल्यांसाठीं केलेला असतो. आल्टरनेटराच्या लहान पुलीवरून त्याला दर मिनिटास अनेक वेळां वांकावें लागतें आणि तो आंतून तापतो. मोटारीच्या जातीचा, उघड्या बाजूंचा आणि आंतल्या अंगास दांते कापलेला पट्टा घ्यावा. तो सहज वांकतो व थंड राहतो. पट्ट्यावर छापलेला क्रमांक आरंभींच उतरून घ्यावा, कारण महिन्याभरांत तो पुसला जातो. आमच्या आप्तांनीं तो क्रमांक इंजिनघराच्या फळीवर तेलरंगानें लिहून ठेवला आहे, आणि त्याखालीं पट्टा कोणत्या तारखेस घातला व कोणत्या तारखेस ताणला याच्या नोंदी तांडेल खडूनें करितो. महसुली दृष्टीस ही नोंदवही कच्ची आहे, पण खरी आहे.

बोटीवर सुटा पट्टा एक नव्हे, दोन असावे. एक नवा आणि एक चालूं स्थितींत काढून ठेवलेला. ते खिळ्यास टांगूं नयेत. खिळ्यावर एकाच जागीं भार पडून तेथें घडी पडते. सैलशी गुंडाळी करून कोरड्या पत्र्याच्या डब्यांत, उन्हापासून, डिझेलापासून आणि बॅटरीच्या आम्लापासून दूर ठेवावे. आल्टरनेटराच्या तिन्ही बोल्टांस लागणारे पाने त्याच डब्यांत असावे. पट्टा बदलण्याचें काम तांडेलानें व निदान एका खलाशानें बंदरांत, दिवसाउजेडीं, एकदां स्वतःच्या हातानें करून पाहावें. आमच्या आप्तांच्या बोटीवरील खलाशास आरंभीं पाऊण तास लागला. आतां त्यास बारा मिनिटें लागतात, आणि तांबडा दिवा लागतांच इंजिन बंद करून नांगर टाकावा, मगच झांकण उघडावें, असा त्या बोटीवर नियम आहे.